अहवालातले पाव्हणे

साहेब, माळावरची तीन पिलं तुम्ही मारली.

जेसीबी तुम्ही चालवला नाही. चालवणाऱ्याला मी भेटलोय. बदनापूरकडचा माणूस आहे, त्याला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुम्ही सही केली. ज्या कागदावर केली त्यातली एक ओळ साफ खोटी होती, आणि ती खोटी आहे हे तुमच्या ऑफिसला मशीन माळावर येण्याच्या अकरा दिवस आधी लेखी कळवलं होतं. पोच माझ्याकडं आहे. तुमचं नाव इथं लिहिलेलं नाही, कारण सहीखालचा शिक्का पुसट उमटलाय, आणि माहितीच्या अधिकारात विचारलं तर तुमच्याच लोकांनी "तत्कालीन सक्षम अधिकारी" एवढंच कळवलं. म्हणून नुसतं साहेब.

त्या खोट्या ओळीखाली अंगठा माझ्या मावशीचा आहे. तुम्ही म्हणाल, मग खोटं ती बोलली. तेच सांगायला बसलोय. मधली पानं उलटू नका.

मावशी म्हणजे केसरबाई. सोयगाव तालुक्यात डोंगराच्या पायथ्याला आमची वाडी आहे. नवरा कडुबा लग्नानंतर सहा वर्षांत गेला, लेकरू नाही, तेव्हापासून ती शेरडं राखते. माझी आई गेल्यावर मलाही तिनंच वाढवलं, शेरडांतच. मी आता चिकलठाण्याला कंपनीत आहे, पण माळ मला पाठ आहे. तुमच्या दप्तरात तो पडीक. तिथं कापूस नाही म्हणून पडीक. कमरेइतकं पवन्याचं गवत, हिवराची आणि बोरीची झाडं, आणि मधून जाणारी एक वघळ, म्हणजे पावसाळी ओढा. तिच्या काठाची माती पिवळी, पोकळ. त्या काठात बिळं आहेत. आहेत लिहिलं, होती वाचा.

आता वाडीची एक रीत सांगतो. ती समजली नाही तर पुढचं काहीच समजणार नाही.

आमच्याकडं लांडग्याचं नाव घेत नाहीत. नाव घेतलं की तो येतो, कळपात शिरतो, एक खायचा तिथं दहा फाडतो. म्हणून त्याला पाव्हणा म्हणतात. पाव्हणा आला होता. पाव्हण्याची बायको पोटुशी दिसती. औंदा पाव्हणे लवकर आले. लेकरानं चुकून खरं नाव घेतलं तर आई तोंडावर मारते. आणि हे फक्त आमच्या घरांत नाही. मावशीच्या शेजारी चांदपाशा राहतात, बकऱ्यांचा धंदा, सोयगावच्या बाजारात खरेदी-विक्री. मी त्यांना चांदचाचा म्हणतो. त्यांच्या घरात मेहमान म्हणतात. शब्द वेगळा, भीती तीच.

आणि पाव्हण्यानं वर्षातून एखादं करडू नेलं तर त्याला नेलं म्हणत नाहीत. जेवून गेला म्हणतात. मावशी दोन दिवस शिव्या घालते, मुडदा बशिवला त्याचा, वगैरे, तिसऱ्या दिवशी गप होते. मी कंपनीत लागलो तेव्हा पहिल्याच महिन्यात बोलून गेलो होतो, गावाकडं काल पाव्हणा जेवून गेला, मावशी रडत होती. शेजारच्या मशीनवरचा रामकिसन म्हणाला, "असं किती जेवला रे?" तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की हा शब्द वाडीच्या बाहेर चालत नाही. मला कळलं, आणि मी वाडीत जाऊन कुणाला सांगितलं नाही. माझ्याही डोक्यात आलं नाही की कधी हा शब्द कागदावर जाईल.

सरकार लांडग्यानं मारलेल्या शेळीची भरपाई देतं. मी मावशीला एकदा म्हणालो होतो, अर्ज करू. ती म्हणाली, "पाव्हण्याला जेवू घातल्याचं सरकारकडं मागू काय?" वाडीतल्या कुणीच कधी मागितलं नाही. हेही लक्षात ठेवा.

मागच्या मार्गशीर्षात तुमच्या वनखात्याची जीप आली. माळावर सोलरच्या प्लेटा बसवायच्या होत्या. त्यासाठी इथं कायद्यानं राखलेला प्राणी राहत नाही असा दाखला लागतो, म्हणून पाहणी. जीपमधून दोघं उतरले. एक चष्मेवाली मुलगी, चांगल्या घरची, आणि तिच्याबरोबर एक माणूस, त्याच्या हातात टॅब. त्या दोघांना एका दिवसात चार गावं करायची होती, हे मला नंतर कळलं. मुलगी वाईट नव्हती. मावशी तिला आजही वाईट म्हणत नाही. ती भुईवर मांडी घालून बसली, कोरा चहा प्याली, कपात माशी पडली ती बोटानं काढून राहिलेला प्याली. मावशी तिथंच विरघळली.

पुढचं बोलणं मला मावशीनं आणि चांदचाचांनी वेगवेगळं सांगितलं आणि दोघांचं एका अक्षरानंही चुकत नाही.

मुलगी म्हणाली, "आजी, इथे लांडगे आहेत का?"

मावशीनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "नाय वो माय. तसलं काय नाय इथं."

"कोल्हे?"

"कोल्हे हायेत."

"तरस?"

"तडस व्हता आधी. आता दिसत नाय."

"हरणं?"

"लई. तुम्ही सकाळी आल्या असत्या तर दिसले असते."

मुलगी लिहीत होती. मग तिनं चांगला प्रश्न विचारला. "आणखी कोण येतं माळावर?"

मावशीला बरं वाटलं. सांगण्यासारखं होतं ते आता विचारलं. "पाव्हणे येतेत की."

"पाहुणे?"

"व्हय. थंडी पडली की येतेत. बायकापोरं घिऊन. त्या वघळीच्या अंगाला ऱ्हातेत. दोन-अडीच महिने मुक्काम."

"इतके दिवस? कुठून येतात?"

"डोंगरातून."

"कुणाचे नातेवाईक?"

"समद्यायचेच," मावशी म्हणाली आणि हसली. मुलगीही हसली.

टॅबवाला माणूस तोवर चांदचाचांकडं वळला होता. त्याला मराठी कमी येत असावं. "चाचा, भेडिया दिखता क्या इधर?"

"तोबा करो साब. भेडिया कां से आयेंगा."

"ये मेहमान कौन हैं?"

"अब नाम क्या बोलूं. हर साल आते. मियां-बीवी, बच्चे. शरीफ लोगां हैं, किसी को तकलीफ नै देते."

"खाने-पीने का?"

"बकरी खाते. हमारीच खाते, और किसकी खायेंगे."

टॅबवाल्यानं तेही लिहिलं. वघळीत त्यांना पायाचे ठसे दिसले होते. वाडीत कुत्री आहेत, म्हणून ठसे कुत्र्याचे. मग वाचून न दाखवता अंगठा घेतला. माझी मावशी वाचून दाखवल्याशिवाय अंगठा देणारी बाई नाही. रेशनच्या दुकानात तिनं यावरून भांडणं केली आहेत. पण पोरगी माशी पडलेला चहा प्याली होती. तिनं अंगठा दिला.

माघ लागला तेव्हा मी चार दिवसांच्या सुट्टीवर वाडीत गेलो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर अहवालाची पानं डकवली होती. कुणी वाचली नव्हती. मी वाचली. ती ओळ तुमच्यासाठी पुन्हा लिहितो, कारण सही करताना तुम्हीही वाचली नसणार.

"स्थानिकांच्या सांगण्यानुसार परिसरात लांडगा आढळत नाही. हिवाळ्यात बाहेरगावचे पाहुणे सहकुटुंब मुक्कामी येत असून त्यांच्या मांसाहारी जेवणावळी होतात. सततच्या मानवी वर्दळीमुळे सदर जागी संरक्षित वन्यप्राण्यांचा अधिवास संभवत नाही."

मी हसलो. खोटं कशाला सांगू, आधी हसूच आलं. मावशीच्या ओट्यावर जाऊन वाचून दाखवलं. चांदचाचाही होते. ते पोट धरून हसले. "जेवणावळी," म्हणाले, "केसरबाई, तुमने हमको तो कभी बुलाया नै." मावशीही हसली, पदर तोंडाला लावून. मग तिनं पदर खाली घेतला.

"म्हंजी त्याच्यात ते नाहीतच?"

"नाहीत."

"मह्या तोंडून नाहीत?"

"खाली तुझा अंगठा आहे मावशे."

"पर म्या सांगितलं. कव्हा येतेत, कुठं ऱ्हातेत, समदं सांगितलं. चांदभाईनं बी सांगितलं."

"ते पाहुणे समजले."

"पाव्हणेच हायेत ना ते," ती म्हणाली. बिळात त्या वेळी तीन पिलं होती. डोळे उघडलेली. ती रोज लांबून पाहत होती. मग तिनं विचारलं, त्या अहवालानं काय होणार. मी सांगितलं. माळ सपाट करणार. ती म्हणाली, "चल. दुरुस्त करून येऊ. मह्या तोंडून गेलंय, म्याच येते."

मावशी शहरात तोवर तीनदा आली होती. दोनदा दवाखान्यासाठी आणि एकदा नामांतर झालं तेव्हा विद्यापीठाच्या गेटवर. चौथ्यांदा ती तुमच्याकडं आली साहेब. सिल्लोडवरून एसटीनं, उभ्यानं. रात्रभर माझ्या खोलीत राहिली, सकाळी पांढरं लुगडं नेसली. उस्मानपुऱ्यात झेरॉक्स काढल्या, मी अर्ज लिहिला, आणि अकरा वाजता तुमच्या ऑफिसात होतो. तुम्ही मीटिंगला होता. आम्हाला एका बाबूकडं पाठवलं. त्याचं नाव देत नाही, कारण त्या ऑफिसात आमच्याशी सरळ बोलणारा तोच एक होता.

त्यानं अर्ज वाचला आणि बाजूला ठेवला. "जबाब यांचा आहे. दुरुस्ती यांनी सांगायची. तुम्ही नाही. हं मावशी, काय चुकलंय?"

"पाव्हणे लिव्हलंय."

"मग काय लिहायला हवं होतं?"

"पाव्हणेच. पर माणसं नव्हं."

बाबूनं माझ्याकडं पाहिलं. मी तोंड उघडलं तर त्यानं हात वर केला. "आमच्याकडं पण आहेत तसले पाव्हणे," तो मावशीला म्हणाला, "धाकटा जावई. पण सरकारी कागदावर असं चालत नाही. इथं रकाना आहे, प्राण्याचं नाव. तुम्ही नाव सांगा, मी लिहितो."

मावशीनं वर्णन सुरू केलं. राखी रंग. उभे कान. शेपूट खाली धरतो. चालताना आवाज नाही.

"कुत्रा?"

"कुत्रा कसा आसंल वो."

"कोल्हा?"

"कोल्ह्याहून थोर. उंच पायाचा."

"मग तरस."

"तडस मागून बसका ऱ्हातो."

"मावशी, मी कोडी सोडवायला बसलेलो नाही. मागं रांग बघा."

मागं खरंच रांग होती. मी तिच्या कानात म्हणालो, घे नाव, इथं शेरडं नाहीत, माळ शंभर किलोमीटरवर आहे. तिनं माझ्याकडं असं पाहिलं की मी लहानपणी चोरी केली तेव्हाही तसं पाहिलं नव्हतं. साठ-पासष्ट वर्षं जो शब्द तोंडात आला नाही तो एका टेबलापुढं काढायचा होता. तिनं पदराचा बोळा करून तोंडापाशी धरला आणि म्हणाली, "लांडगा."

"काय? पंख्याचा आवाज येतोय, मोठ्यानं सांगा."

"लांडगा," ती म्हणाली. "सात हायेत. तीन पिलं धरून."

बाबूनं रकान्यात लिहिलं. मग दुसरी फाइल काढली, पानं चाळली. "एक सांगतो. तुमच्या गावातून भरपाईचा एकही दावा नाही. वीस वर्षांत एकही नाही. शेजारच्या गावांतून आहेत. साहेब विचारतील, सात लांडगे आहेत तर ते काय हवा खाऊन जगतात? फोटो आहे?"

"नाही," मी म्हणालो. "कायद्यात हा प्राणी पहिल्या अनुसूचीत आहे. वाघाच्या रांगेत. मग तो कुठंही असो."

"माहीत आहे," बाबू म्हणाला. "प्राणी आहे. जमीन नाही. अभयारण्य तुमच्या डोंगराच्या पल्याडच राहिलं. ही जागा महसूलची, पडीक. तिथं प्राणी आहे हे आधी कुणीतरी म्हणायला लागतं." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आता म्हटलंय ना यांनी. फेरपाहणी लावायला सांगतो. पोच घेऊन जा."

"कव्हा येतान?" मावशीनं विचारलं.

"कळवू."

परतीच्या वाटेवर सेंट्रल बसस्टँडला मी तिला केळी घेतली. तिनं पिशवीत ठेवली. बस लागली तेव्हा म्हणाली, "सात वर्षाची आसंल म्या. मायनं, हातातलं चुलीचं लाकूड टाकून, तोंडात मारली व्हती. त्याच्यानंतर आज." मी म्हणालो, काही होत नाही नाव घेतल्यानं. ती म्हणाली, "तुला काय ठावं."

त्यानंतर ती रोज सकाळी माळाच्या रस्त्याकडच्या टोकाला जाऊन बसायची. जीप येईल, चष्मेवाली पोरगी येईल, तिला हाताला धरून नेऊन दाखवायचं. आता नाव घेतलंच होतं, मग पूर्ण करायचं. चांदचाचा म्हणायचे, "सरकारी गाडी है केसरबाई, उसको कायकी जल्दी." ती म्हणायची, त्यायनी कळवू म्हटलंय. मी चिकलठाण्याहून रोज तुमच्या ऑफिसात फोन लावला. चार वेळा लागला. दोनदा साहेब बाहेर, एकदा टपाल वर गेलंय, एकदा "कुठला लांडगा?"

बाराव्या दिवशी गाडी आली. ती जेसीबी होती.

मावशी काठी घेऊन वघळीपुढं उभी राहिली. ड्रायव्हरनं मशीन बंद केली, खाली उतरला. ती म्हणाली, हितं पिलं हायेत. तो म्हणाला, कशाची? ती म्हणाली, लांडग्याची. या वेळी तिनं एका दमात सांगितलं, चांदचाचांनी ऐकलं. ड्रायव्हरनं मालकाला फोन लावला. मालकानं सुपरवायझरला. दहा मिनिटांनी ड्रायव्हरच्या व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो आला. ड्रायव्हरनं वाचला, आणि मोबाइल मावशीपुढं धरला.

"आजी, यात तर नाही म्हणून लिहिलंय. हा अंगठा तुमचाच ना? नाव केसरबाई आहे."

मावशीनं पाहिलं. निळा ठसा मोठा करून दाखवला त्यानं, दोन बोटांनी.

"महाच हाय."

"मग आजी?"

चांदचाचा सांगतात की ती काठी टेकून बाजूला झाली. चाचा आडवे गेले, ड्रायव्हरला म्हणाले, अरे रुको, बाई सच बोलती. सुपरवायझर तोवर मोटरसायकलवर पोहोचला होता. त्यानं चाचांच्या जबाबाचंही पान काढून दाखवलं. "तोबा करो साब" पासून सगळं होतं त्यात.

मशीननं वघळीचा काठ वरून दाबला. पोकळ माती, एका दणक्यात बसली.

मावशी आणि चाचांनी खोऱ्यानं आणि हातांनी माती उकरली. ड्रायव्हरनंही उकरली, हे मी त्याच्या बाजूनं लिहितो. तासाभरानं पिलं निघाली. तीन. मी फोटो पाहिलेत, चांदचाचांच्या मुलानं, तौफिकनं काढलेले. मातीनं भरलेली तोंडं, उंच पाय, तपकिरी अंग, कानांची टोकं अजून नीट उभी राहिलेली नाहीत. मोठी जनावरं तेव्हा बाहेर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मादी वघळीच्या पल्याड उभी होती, उन्हं वर येईपर्यंत. मग गेली. तेव्हापासून माळावर कुणी पाव्हणा दिसला नाही.

हेल्पलाइनला फोन मी केला. तुमचे लोक संध्याकाळी आले. तिघं. मी तोवर पोहोचलो होतो. पिलं गोणीवर ठेवली होती. त्यांच्यातला मोठा खाली वाकला, बघून सरळ झाला, आणि त्याला कळलं हे त्याच्या तोंडावर दिसलं. मी शपथेवर सांगतो, त्याला कळलं. मग तो बाजूला गेला, फोनवर बोलला. वीस मिनिटं. कुणाशी बोलला साहेब? तुमच्याशीच ना?

परत आला आणि पंचनामा लिहायला बसला. लांडगा लिहिलं असतं तर पहिल्या अनुसूचीचा प्राणी मेला असता. गुन्हा दाखल करावा लागला असता, काम थांबलं असतं, आणि दाखल्यावर सही कुणाची हा प्रश्न आला असता. त्यानं लिहिलं: "मोकाट कुत्र्याची पिल्ले, नग तीन."

पंच म्हणून मावशीचं नाव घातलं. शाईचा पॅड उघडून पुढं केला.

"वाचून दावा," मावशी म्हणाली.

त्यानं वाचलं.

"कुत्र्याची?"

"हो आजी."

"तुमी बघितले ना आत्ता."

"आजी, आधीच्या अहवालात लांडगा नाही. मग मी इथं कुठून आणू?"

मावशीनं दोन्ही हात लुगड्याच्या पदराखाली घेतले. "नाय देत अंगठा."

"तुम्हीच होता ना इथं सकाळपासून?"

"व्हते."

"मग द्यायला काय होतं?"

"एकदा देल्ता," ती म्हणाली.

त्यांनी सुपरवायझरची सही घेतली. पिलं गोणीत घातली आणि नेली. कुठं नेली, तपासायला काही ठेवलं का, हे मी तीन अर्जांत विचारलंय. एकाला उत्तर आलं. "मृत श्वान असल्याने नमुना घेण्याची आवश्यकता नव्हती."

आता माळावर प्लेटा आहेत. काचेच्या, ओळीनं. त्यांच्यातून वीज निघते, चांगली गोष्ट आहे, माझ्या कंपनीलाही लागते. तक्रार विजेची नाही.

तक्रार मावशीची आहे. तिनं शेरडं चांदचाचांना सांभाळायला दिली. उंबऱ्याच्या आत बसते. कुणी आलं तर बोलते, जय भीम म्हणते, चहा करते. पण माळाकडचं दार लावून घेतलंय. मागच्या महिन्यात मी गेलो तेव्हा तिला कायदा समजावून सांगत होतो. सांगितलं, तुझी चूक नाही, अकरा दिवस त्यांच्याकडं कागद होता, पोच आहे, अनुसूची आहे, आपण कोर्टात जाऊ. चांदचाचाही म्हणाले, मेरा भी तो बयान था. ती ऐकत होती. ज्वारी निवडत होती. मग सूप खाली ठेवून मला म्हणाली, "राजा, नाव घेतलं नाय तव्हा त्यायला कुणी मोजलं नाय. नाव घेतलं तर मेले. मंग म्या काय म्हणायला पाह्यजे व्हतं?"

नाव घेण्यानं काही होत नाही हे तिला बसस्टँडवर सांगणारा मीच होतो.

साहेब, हा प्रश्न मी तुमच्याकडं पाठवतोय. भरपाई नको, चौकशी समिती नको, ते "कळवू" नको. केसरबाईनं तुमच्या माणसांपुढं तिच्या भाषेत खरं सांगितलं, ते तुम्ही माणसांच्या खात्यात टाकलं. मग तुमच्या भाषेत सांगितलं, ते तुम्ही टपालात टाकलं. मग मशीनपुढं उभी राहून सांगितलं, तेव्हा तिला तिचाच अंगठा दाखवला. तिनं कोणत्या शब्दात, कोणत्या टेबलावर, कितव्यांदा सांगितलं असतं म्हणजे ती तीन पिलं जगली असती? तेवढं लेखी द्या, सहीसकट, शिक्का नीट उमटवून. मला ते तिच्या ओट्यावर बसून तिला वाचून दाखवायचंय. ती वाट बघतेय. काय सांगू तिला?